पाचवी सोंगटी

सोमवार, ३ मार्च. दु. १.५०
झॉम्बीच्या खेळाचा स्टार्टर किट आला. खोक्यावरच्या यादीप्रमाणे तपासला. नियमपुस्तिका सोळा पानी, तयार पात्रांचे कागद चार, फासे सहा, बंद पडलेल्या हॉस्पिटलचा नकाशा एक. सोंगट्या चार हव्यात, पाच निघाल्या. पाचवी कोरी. पॅकिंगची चूक. नोंद केली.
शेवटच्या पानावर लिहिलंय, खेळ पहिल्यांदाच चालवणाऱ्यांनी आधी हे वाचा. मला गरज नाही.
नोटीस बोर्डवर कपातीचा कागद लागल्यापासून विभागात कुणी धड बोलत नाही. प्रेशर गेज तपासणीच्या या विभागात आम्ही पाच जण. महिनाअखेर दोन राहणार. त्यातली एक मी, हे उघड आहे. म्हणजे उरलेल्या चौघांना धीर देणं माझ्याकडेच आलं.
संकल्प: दर बुधवारी जेवणाच्या सुट्टीत एक डाव.

बुधवार, ५ मार्च. दु. १.४५
पहिला डाव. नियम बारा मिनिटांत सांगणार होते. एकतीस लागली. लोक प्रश्न फार विचारतात. इलेक्ट्रिशियन म्हणाला, मेलेली माणसं चालत येतात तर त्यांची हजेरी कोण लावतं. ड्रायव्हरकाका म्हणाले, आपल्याकडे लावतातच की. सगळे हसले. मनोबल वाढलं.
डावाच्या शेवटी प्रत्येकाने गुप्त चिठ्ठी लिहायची: दार बंद करताना बाहेर कुणाला ठेवाल? निकाल: इलेक्ट्रिशियन दोन, कारण त्याने सगळ्या गोळ्या एकाच खोलीत संपवल्या. आणि माझं नाव दोनदा. खेळ चालवणारी नकाशावर नसते, त्यामुळे ती मतं अवैध. नियम समजला नसावा.

गुरुवार, ६ मार्च
साहेबांनी जिन्यात विचारलं, सुट्टीत एवढं काय चालतं. सांगितलं, ताणाखाली माणसं निर्णय कसा घेतात याचा अभ्यास; चिठ्ठ्यांची शीट ठेवते. त्यांनी शीट मागितली. चार मिनिटांत मेल केली, अवैधच्या ओळीसकट. अर्धा डेटा पाठवू नये.

सोमवार, १० मार्च
इलेक्ट्रिशियनला केबिनमध्ये बोलावलं. बाहेर आला तो थेट लॉकर रिकामा करायला गेला. जाताना माझा उसना घेतलेला टेस्टर टेबलावर ठेवला.
एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढत नाहीत.

बुधवार, १२ मार्च. दु. १.४०
दुसरा डाव. तिघेच. पान अकरा: जो येत नाही त्याचं पात्र झॉम्बी होतं. इलेक्ट्रिशियनची सोंगटी उलटी केली. मागची बाजू राखाडी. कुणी हसलं नाही. पॅकिंगमधली मुलगी फासे मुठीत धरून बसली, टाकेचना.
चिठ्ठ्या: ड्रायव्हरकाका एक, अक्षर त्यांचंच. अवैध दोन.
पसारा आवरताना स्टोअरवाल्या मावशी म्हणाल्या, "बाळा, तू दाराच्या आत आहेस असं तुला कुणी सांगितलं?"
त्यांना पान नऊ, खेळ चालवणाऱ्याचे नियम, दाखवलं.
संकल्प: शीट कुणालाही पाठवायची नाही.

गुरुवार, १३ मार्च
साहेबांनी स्वतःहून मागितली. पाठवली. मागितलेला डेटा पाठवणं वेगळं.

सोमवार, १७ मार्च
ड्रायव्हरकाका गेले. गाडीची किल्ली बोर्डावर टांगली, खाली एक थेंब ऑइल पडलं होतं ते फडक्याने पुसलं, मग गेले.
थोरल्या बहिणीला सगळं क्रमाने सांगितलं. ती म्हणाली, आगीत तेल ओतायचं आणि वर तापमान मोजत बसायचं, हे तुलाच जमतं. तिला आकड्यांतलं कळत नाही.

बुधवार, १९ मार्च. दु. १.२५
तिसरा डाव. दोघी. मावशींनी फासे न बघताच टाकले. चिठ्ठ्या दोन, अवैध दोन. सातत्य चांगलं आहे.
दोनच पदं आहेत आणि आम्ही तिघी. मावशींचं वाईट वाटतं. किंवा त्या मुलीचं. शीट न मागता पाठवली, साहेबांचा वेळ वाचावा म्हणून.

शुक्रवार, २१ मार्च. स. ११.१०
केबिन. शीटचा प्रिंट टेबलावर, 'अवैध सहा' या ओळीखाली लाल रेघ. साहेबांनी विचारलं, ही मतं कुणाला. कुणाला नाही, म्हटलं. नियमात बसत नाहीत. ते म्हणाले, पण नाव कुणाचं होतं. मी खोटे आकडे देत नाही.
सगळ्यात स्पष्ट आकडा हाच आहे, म्हणाले. इतकी नीट शीट दिल्याबद्दल आभारही मानले.

त्याच दिवशी. दु. १२.३०
लॉकर रिकामा केला. किट विभागाच्या नावावर मागवला होता म्हणून स्टोअरमध्ये जमा केला. मावशींनी यादीप्रमाणे तपासला. एक सोंगटी जास्त आहे, असं मीच सांगितलं. त्यांनी पुस्तिकेचं शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. कोरी सोंगटी खेळ चालवणाऱ्याची. पहिल्याच डावात नकाशावर ठेवायची.
पॅकिंगमधल्या मुलीने मला दार उघडून दिलं. मी बाहेर पडल्यावर लावून घेतलं.
यादीबाहेरची म्हणून ती कोरी सोंगटी माझ्या खिशातच राहिली होती. रस्त्यावर उलटून पाहिली. मागची बाजू राखाडी. छपाई चांगली आहे.