पोस्टमन आणि वायरमनच्या मधे

रविवार, ७ एप्रिल

प्रिय डावऱ्या,

ताईचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळे मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तुझ्या गुडघ्याचं काय? तुझ्या बायकोला फोनवर विचारलं की ती "बरा आहे" म्हणते, पण तुमच्या घरी सगळंच बरं असतं.

पत्राचं कारण असं, की आपल्या राष्ट्रीय हौशी फुटबॉल संघाला जूनमध्ये पन्नास वर्षं पूर्ण होतात. त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्या माथी आलंय. मी म्हटलं, मी शिंपीण, जर्सीवर नंबर शिवले, चेंडूला कधी पाय लावला नाही. सचिव म्हणाले, "म्हणूनच तुम्ही लिहा. बाकीचे फक्त आपापले गोल सांगतात." खरंय ते. आपला गोलकीपर, तो पोस्टमन, खाल्लेले गोलही अडवल्यासारखे सांगतो.

पहिल्या सामन्यात सात गोल खाल्ले, कारण निम्मा संघ कामावरून थेट मैदानावर आला होता. खेळायचे पैसे घ्यायचे नाहीत, ही शेखी तेव्हापासूनची. आणि सामन्याआधीचा फोटो कामाच्या कपड्यांत, ही तुझ्या दाजींची कल्पना. कॅप्टन म्हणून ते स्वतः बेकरीच्या पिठाळ एप्रनमध्ये, वायरमनच्या कमरेला पक्कड, तू छापखान्याच्या शाईने माखलेला. पाहुणे संघ बघून हसायचे. तू डावीकडून सुटलास की मग त्यांचं हसू मावळायचं.

मग पगारी लीग आली आणि पहिला तू गेलास. तुझं काही चुकलं असं मला वाटत नाही; घरात तेव्हा तान्हं मूल होतं. पण यांनी अबोला धरला आणि तूही काही कमी नाहीस. त्याच आठवड्यातला तो उपांत्य सामन्याचा फोटो तुला आठवत असेलच. पोस्टमन आणि वायरमनच्या मधे, तुझ्या जागी, माणूसभर रिकामी जागा. पेपरात पाहून तू म्हणालास, "देशभर माझी शोभा केली." त्यानंतर आमचा उंबरा चढला नाहीस.

गेल्या आठवड्यात जुने फोटो जेवणाच्या टेबलावर पसरले होते. पोस्टमन तो फोटो उचलून, यांच्याकडे बोट करत म्हणाला, "याच्यापायी फोटोवाला किती खोळंबला. कॅप्टन हलेचना. म्हणे, डावऱ्याची गाडी येऊ दे."

मी विचारलं, "कुठली गाडी?"

"सकाळची. पगारी लीगचा करार सोमवारपासून, सामना शनिवारी. तोवर तो आपलाच, असं याचं गणित."

डावऱ्या, ती जागा तुला लाज आणायला नव्हती रे. ते तुझी वाट बघत होते. तुला निरोप मात्र पाठवला नाही. अबोला धरायचा आणि माणूस आपसूक येईल असंही धरून चालायचं, हे तुझ्या दाजींनाच जमतं. मी विचारलं तर त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "त्याला कळायला हवं होतं."

पाटी का, ते आता सांगायलाच हवं. हिवाळ्यात यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली, डॉक्टर समाधानी आहेत, काळजी करू नकोस. पण आवाज गेला. मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला ऐकू जाणारा तो आवाज. तुला कळवू दिलं नाही. म्हणे, कीव करून यायला नको. आवाजाचे व्यायाम शिकवायला एक बाई येतात. थोडंथोडं जमतंही, पण चारचौघांत तोंड उघडायला लाजतात. घर इतकं शांत झालंय, की भांडायला सुद्धा मजा येत नाही.

काल बेकरीच्या मागच्या अंगणात सगळे म्हातारे जमले होते, पुस्तकासाठी फोटोची तालीम करायला. पोटं सुटली तरी कपडे कामाचेच. फोटोवाली पोरगी म्हणाली, "काका, मधली फट बुजवा." वायरमन सरकू लागला. तेवढ्यात यांच्या घशातून गंजलेलं शटर ओढल्यासारखा आवाज आला.

"सरकू नका."

कोणी सरकलं नाही. पोस्टमनच्या डोळ्यांत पीठ गेलं म्हणे. बेकरी तर वर्षभर बंद आहे.

खरा फोटो एक जूनला सकाळी. नवी पोरं त्यानंतर खेळतील. त्या जुन्या फोटोखाली काय लिहायचं ते माझं अडलंय. तू आलास तर नव्याखालीच सगळं लिहिता येईल. नाही आलास तरी जागा तशीच राहील, हे मात्र यांनी पक्कं केलंय.

हे आत्ता माझ्यामागे उभं राहून वाचताहेत. शाईचा एप्रन घेऊन ये, असं म्हणताहेत. म्हणताहेत, पाटीवर लिहीत नाहीत.

या वेळी निरोप पोचलाय. सकाळच्या गाडीने ये.

तुझी जागा धरून बसलेल्या दोघांतली एक,
ताई