पुसायचं राहिलेलं पान

शिरगाव, ता. डिचोली, गोवा
रविवार, २९ मे १९८८

ति. हौसाक्कास केरबाचा नमस्कार. मी बरा आहे.

तर पुन्हा तेच लिहिलंस. पाटी फोडून शाळेतून पळाला, तो आता पोरांना झाडाचे भाग शिकवतोय म्हणे. हसून झालं असेल तर ऐक. दोन वर्षांत तीन कामं सोडली, हे खरं. पण हे शिकवणं सोडणार नाही.

मी खाणीच्या ट्रकवर क्लीनर, तुला ठाऊकच आहे. शेजारच्या खोपटात आपल्याकडचाच किरण राहतो. त्याची अमृता सहा वर्षांची. त्याला खाणीवर पाळी होती म्हणून तिचं नाव घालायला शाळेत मी गेलो. कमलाक्षीबाईंनी तिला झाड काढायला सांगितलं. पोरीनं मूळ, खोड, फूल सगळं नीट काढलं आणि पानांना लाल खडू मारला. बाई म्हणाल्या, हिला अजून पानसुद्धा ठाऊक नाही, पुढच्या वर्षी आणा. घरी तिची आई म्हणाली, बरं झालं, धाकट्याला सांभाळेल.

मी परत जाऊन बाईंकडून आठ दिवस मागून घेतले.

अक्का, पोरगी चुकली तरी कशी म्हणू? आमचे ट्रक दिवसभर धूळ उडवतात. रस्त्याकडेचे काजू, आंबे, सगळे गेरू फासल्यासारखे. तिला म्हटलं, अगं, पावसात हिरवी असतात ना पानं? तर म्हणते, ती पावसाळ्यातली. उन्हाळ्यात लाल येतात.

मग ट्रकची काच पुसायचं फडकं ओलं करून तिच्या हातात दिलं. एक पान पुसलं तशी ती बघतच राहिली. मग झाडच पुसत सुटली. आमचा ड्रायव्हर गोकुळदास स्टेअरिंगवरनं माझ्यावर ओरडला, "आतां झाडांय पुसतलो रे तूं?"

मिरचीचं रोप उपटून मूळ दाखवलं, म्हटलं हे पाणी पितं. खोड म्हणजे ते पाणी वर नेणारा हमाल. फूल फळासाठी, फळ बियांसाठी. पान काय करतं ते मात्र मलाच येईना. गोकुळदासची सेजल पाचवीत आहे, तिला विचारलं. पान उन्हावर झाडाचं जेवण रांधतं, म्हणाली.

अमृतानं ऐकलं आणि म्हणाली, "मग मामा, ह्याच्या चुलीवर माती कोण टाकतं?"

मी म्हटलं, "आपला ट्रक. मीच."

काल पुन्हा शाळेत नेली. सगळी पानं हिरवी काढली, एक लाल. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, हे काय म्हणून. पोरगी म्हणाली, "हे पुसायचं राहिलंय." बाईंनी खिडकीतनं अंगणातल्या, पानं धुळीनं लाल झालेल्या जास्वंदीकडे बघितलं. मग वही ओढली आणि नाव लिहून घेतलं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. तुझ्या पूनमला सहावं लागलं. ती घरी बाळाजवळ असली की मला शेतावर मोकळं जाता येतं, असं तू लिहिलंस. अमृताच्या आईचेच शब्द. आणि तुझं अक्षर अजून दुसरीतलंच आहे. तुला दुसरीतनं काढलं ते मला सांभाळायला. मी फोडली ती पाटी तुझी होती, अक्का. तू मला मारलं नाहीस, ओरडलीही नाहीस. बसून तुकडे गोळा केलेस. मारलं असतंस तर बरं झालं असतं.

पावसात खाण बंद झाली की मी येतोय. बाळाला मी सांभाळीन, लोक हसू देत. मी एस्टीतनं उतरेन तेव्हा पूनम शाळेत असली पाहिजे. यात तुझं काही ऐकणार नाही. पैशातनं आधी पाटी घे, तुला आवडेल तशी. पहिलं अक्षर तू काढ, मग तिला दे.

तुझा पाटीफोड्या
केरबा

मनिऑर्डर केली आहे, रुपये एकशे पंचाहत्तर.