बरणीतली हळद पिवळीच आहे

सांगली, १२ जून १९७४
आजपासून नवी सिस्टीम! पेवात भरताना प्रत्येक शेतकऱ्याच्या हळदीची वानगी काचेच्या बरणीत काढून ठेवली आहे. गिऱ्हाईक आलं की बरणी दाखवायची. जमिनीतलं पेव फोडा, कोंडलेली हवा जाऊ द्या, हमाल उतरवा, पुन्हा तोंड लिंपा, ही कटकट बंद. मालक बिराप्पाशेठ म्हणाले, दिवाणजी, हे जमलं तर साताऱ्याचं नवं दुकान तुमच्याकडे. जमणारच. डोकं कुणाचं आहे!

२३ जुलै
नदी पात्राबाहेर. पलूसच्या राहीबाई भिजत आल्या. त्यांची सगळी हळद आपल्या एकाच पेवात. आवं दिवाणजी, पानी लय चढलंय, येकदा उघडून बघा की, म्हणतात. मी बरणी दाखवली. पिवळीधमक! तर म्हणतात, बरनी फळीवर हाय, माजी हळद भुईत हाय. आता यांना सिस्टीम कोण समजावणार? रागावलो नाही. न रागावण्याचा संकल्प आहे.

२४ जुलै, सकाळी
उगाच शंका नको म्हणून पुन्हा तपासलं. बरणीत ओल अजिबात नाही.

५ ऑगस्ट
कोरेगावचे व्यापारी हंबीरराव यांना एसटीनं वानगी पाठवली होती. तार आली. राहीबाईंची सगळी हळद घेतो म्हणतात. आज पेवाजवळून जाताना जमीन पायाखाली जरा मऊ लागली. चप्पल झिजली आहे. साताऱ्याला नवी घ्यावी. तिथे फिरती खुर्ची पण पाहिजे.

९ ऑगस्ट
राहीबाईंना सौदा सांगितला. डोळ्यांत पाणीच आलं. मुलगा कृष्णात मिलिटरीतून रजेवर आला आहे, तो हाय तवर हिरीवर इंजन बसवून घेते म्हणाल्या. मग पुन्हा तेच. उघडलं का? उद्या उघडतो म्हटलं. खरं तर नाथाजी हमाल आज दिवसभर बसून होता. पण माल काढताना उघडायचंच आहे, दोनदा कशाला?
रात्री झोप नीट नाही. बहुतेक वांग्यामुळे.

१३ ऑगस्ट, दुपारी
लॉरी आली. हंबीरराव स्वतः आले. मालक, राहीबाई, कृष्णात, सगळे पेवाभोवती. नाथाजीनं लिंपण फोडलं. वास आला. सुरुवातीला येतोच, म्हटलं. कंदील खाली सोडला, विझला. हवा कोंडली आहे, थांबू या, म्हटलं. चहा मागवला. कुणी घेतला नाही. राहीबाई पेवाच्या तोंडावरून नजर काढेनात. चहाचे दोन कप मीच संपवले. जेवण राहिलं त्यामुळे.

संध्याकाळी
पहिली पाटी वर आली. काळी. म्हटलं, वरचा थर असेल. दुसरी काळी. तिसरीत नुसता चिखल. मी बरणी पुढे केली. हंबीरराव म्हणाले, अहो, लॉरी काय बरणी न्यायला आणली का? लॉरी रिकामी गेली. कृष्णात माझ्या अंगावर आला, तर राहीबाईंनीच त्याला मागे ओढलं.

१६ ऑगस्ट
साताऱ्याला धोंडीबा कारकून गेला. जाऊ दे. साताऱ्याची थंडी मला सोसत नाही. आणि पावसाला सिस्टीम काय करणार?
दुपारी राहीबाई आल्या. शिव्या देणार हे उघडच होतं. उत्तर कालच तयार करून पाठ केलं होतं. पण त्या माझ्यासमोरून सरळ पुढे गेल्या. फळीवरची बरणी उतरवली, हळकुंडं पदरात ओतली, गाठ मारली. येवढीच ऱ्हायली व्हय माजी, म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून गेल्या.
पाठ केलेल्या उत्तरातला एक शब्दही आठवत नाही.