तुझ्या गोष्टीतला वाघ

दिग्रस

प्रिय सुमे,

हात सवयीनं 'चि.' लिहून गेला. खोडावं लागलं. धाकट्या बहिणीला 'चि.' न घालता लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. तेही तुझ्या लेकीपायी.

तू गेल्यावर तुझे यजमान राजूरला खाणीवर परतले, नमी आमच्याकडे राहिली. परवा तुझ्या वहिनीला फडताळात वाटीखाली भाकरीचे वाळके तुकडे सापडले. नमीला विचारलं, तर शांतपणे म्हणाली, "आईसाठी ठेवले. वाघाच्या पोटातून निघाली का तिले भूक लागन."

तुला गोष्टीतल्या वाघानं गिळलंय, असं ती धरून बसलीय. हे तुझंच शिक्षण, बाई! तुझ्या गोष्टीत गिळलेला ससा शाबूत बाहेर यायचा आणि आधी जेवायला मागायचा. वाघ कान धरून माफी मागायचा, मग पंगतीला बसायचा. गाढव तेवढं संस्कृत बोलायचं. आपला जिल्हा मुंबई राज्यात गेला, पुढे महाराष्ट्रात आला, गाढवाची भाषा काही बदलली नाही. सगळे माझ्याकडे बघून हसायचे.

मी चिडायचो. अगं, मूळ गोष्टीत लबाडावर विश्वास ठेवला की जनावराचा जीव जातो, म्हणून तर ऐकणारा माणूस शहाणा होतो. शेवटच बदललास तर शिकायचं काय? तू पोळी लाटता लाटता म्हणायचीस, "दादा, भ्यालेलं पोर शहाणं होत नाही, लबाड होतं."

पटायचं मला. पण संस्कृतच्या मास्तराला लगेच पटून कसं चालेल?

तरी सुमे, परत न येणाऱ्याची एखादी गोष्ट तू सांगायला हवी होतीस गं. ती माझ्यावर का ठेवलीस?

काल दुपारी नमीला जवळ घेऊन हरिणीची गोष्ट सांगितली. पाडसाला झुडपात लपवून हरिणी वाघाला दूर घेऊन गेली. मग परत येते ना, नमीनं विचारलं. मी नाही म्हटलं. तिनं माझ्या सदऱ्याची बाही धरली.

"मामा, हरणीनं काय चूक केलती?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

इतकी वर्षं वर्गात गोष्टींची तात्पर्यं सांगत आलो. या गोष्टीचं मला सुचेना. नमी रडली. तू गेल्यापासून पहिल्यांदाच.

तुझ्या गोष्टी मी मोडणार नाही. वाघ माफी मागत राहील. पण हरिणीचं ती जेव्हा जेव्हा विचारील, तेव्हा खरं तेच सांगेन. आणि सांगून झाल्यावर तिच्याजवळून उठून जाणार नाही.

तुझा,
दादा