नीहोफ नाव आलं कुठून

ती. बाबांना,
वेस्टफालियातल्या आपल्या मूळ गावाहून तुमच्या हट्टी लेकीचा नमस्कार.

मी सुखरूप पोचले. काळा पाव आणि हॅम भरपूर मिळतं, आईला काळजी करू नको म्हणावं. तिचा गुडघा कसा आहे?

आपलं आडनाव नीहोफ म्हणजे नवं शेतघर, हे तुमचं म्हणणं खरं निघालं. ते शेतघर अजून उभं आहे! तिथे वेसलिंग नावाचे म्हातारे राहतात. आपले ते कुणीच नव्हेत, तरी सगळं गाव त्यांना नीहोफच म्हणतं. मी चक्रावले, तर म्हणाले, "अगं पोरी, इकडे नाव शेताचं असतं. माणूस येतो नि ते लावतो. आमच्याकडे पुरुषही नांदायला येतात!"

मग मी चर्चची जुनी वही काढायला लावली. आपले मूळपुरुष योहान, लग्न १७८४ साली. त्यांचं जन्माचं आडनाव टेरबेक. शेत त्यांच्या बायकोचं, आनेकेचं होतं. योहान घरजावई झाले आणि तिच्या शेताचं नीहोफ हे नाव लावू लागले.

बाबा, तुमचा लेक फोल्केर्ट होणाऱ्या बायकोचं आडनाव लावणार म्हणून तुम्ही महिनाभर त्याच्याशी बोलला नाहीत. "पिढ्यान्‌पिढ्यांचं नाव बुडवलंस," म्हणालात. वहीतल्या पानाची नक्कल सोबत आहे. चष्मा लावून वाचा.

लग्न शनिवारी आहे. तुमचा काळा कोट मी निघण्याआधीच इस्त्री करून कपाटात लावलाय.

तुमचीच,
गेझिने