स्वयंपाकघरातला ओटा रस्त्यात येतो

शुक्रवार, ६ मार्च

विषय : मंगळवार, दि. १० फेब्रुवारी, सकाळी ११ वाजून २० मिनिटांनी माझ्या दारावर झालेला अन्याय.

ती. दादांस,

धाकट्या इंदूचा नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? सुरतच्या डॉक्टरांनी जिना चढायचा नाही असे बजावूनही तुम्ही संक्रांतीला पतंग बघायला गच्चीवर गेलात, हे मला नवनीतने सांगितले. मुलगा तुमचा असला तरी चहाड्या माझ्याकडे करतो, हे एक बरे आहे. वहिनींची शुगर ताब्यात असेल, म्हणजे त्या तसे सांगत असतील. (हे सगळे फोनवर विचारता आले असते. पण फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिले तर सूनबाई आधी वाचते. म्हणून स्पीड पोस्ट.)

तर वर लिहिलेल्या दिवशी, वर लिहिलेल्या वेळी, नगरपालिकेच्या शिपायाने माझ्या दारावर खळ लावून नोटीस चिकटवली. मी घरात होते. दार उघडे होते. उघड्या दारावर कागद नीट बसेना म्हणून त्याने आधी दार ओढून घेतले, मला आत कोंडले, आणि मग चिकटवली. नोटिशीत लिहिले होते की माझ्या मालमत्तेतील ‘ओटा, काळा ग्रॅनाइट, लांबी सात फूट, सिंकसह’ हा बाजारपेठेच्या प्रस्तावित रस्त्यास अडथळा ठरत असून, तो मी पंधरा दिवसांत काढून घ्यावा, अन्यथा नगरपालिका तो जेसीबीने काढील. दादा, माझे स्वयंपाकघर घराच्या मागल्या अंगाला आहे. रस्ता पुढल्या अंगाला आहे. मध्ये दोन खोल्या, देवघर आणि मी आहे. तो जेसीबी कुकरची शिटी ऐकत आत येणार होता की कसे, याचा खुलासा नोटिशीत नव्हता.

हे असे का झाले ते सांगते. घरपट्टीची नवी आकारणी आणि बाजारपेठेचा नवा आराखडा अशी दोन्ही कामे आपल्या नगरपालिकेने पुण्याच्या एका कंपनीला दिली. (आपल्या गावाचे रस्ते कुठे आहेत हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे आपल्याकडचे कोणी पात्र ठरले नाही.) फॉर्म मात्र बांधकाम विभागाच्या रूपचंदने बनवला. तोच रूपचंद, ज्याला तुम्ही ओव्हरसियर असताना टेप सरळ धरायला शिकवत होता आणि तो शिकला नाही. त्याने फॉर्मात एक रकाना टाकला : ‘ओटा – आहे / नाही, लांबी, रुंदी’. आपल्याकडे ओटा म्हणजे काय हे शेंबडे पोरही सांगेल : घराच्या पुढचा, दगडी, बसायचा. स्वयंपाकघरात गॅस ज्याच्यावर असतो त्याला आपली गल्ली प्लॅटफॉर्म म्हणते. पण पुण्याहून आलेल्या मुलीच्या लेखी ओटा एकच, गॅसचा. जानेवारीत ती हातात टॅब घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “काकू, किचनमध्ये जाऊ का जरा?” मला वाटले तहान लागली आहे. मी पाणी दिले. तिने पाणी पिता पिता प्लॅटफॉर्म मोजला, सिंकचा फोटो काढला, आणि “छान ठेवलंय हो” असे म्हणून गेली. मी खूश होऊन तिला दारापर्यंत सोडायला गेले. जाताना ती पुढच्या ओट्यावर बसून बूट घालत होती, दादा. त्याच ओट्यावर. सात मिनिटे.

गल्लीतल्या अकराही घरांत हाच प्रकार. समोरच्या भिकुबाईकडे प्लॅटफॉर्मच नाही, ती अजून खाली बसून स्वयंपाक करते, म्हणून तिच्या फॉर्मात ‘ओटा – नाही’ असे लागले आणि तिला नोटीसच आली नाही. भिकुबाईचा ओटा! अख्ख्या गल्लीत सर्वांत मोठा, ज्याला वळसा घालताना ट्रॅक्टरवालेही शिव्या देतात. नवरा गेल्यापासून ती व्यापाऱ्याकडून मिरचीची पोती आणून त्याच ओट्यावर देठे खुडत बसते, आणि गल्लीतल्या आणखी तिघी तिच्या हाताखाली. घरात मिरची नेली तर ठसक्याने माणूस मरेल. ओटा आहे म्हणून तिचे पोट आहे.

आता, नोटिशी आल्यावर गल्ली गप्प होती. मला वाटले घाबरली. (माणसांची समज कमी असते असे मी आजवर समजत होते. तो विषय पुढे येईल.) मी मात्र गप्प बसणारी नव्हे. मी एकतीस वर्षे कोर्टात लघुलेखक होते. एका चुकीच्या शब्दाने माणूस कसा आत जातो हे मी स्वतःच्या बोटांनी टाइप केले आहे. आणि त्याआधी नाशिकच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी शिकवले होते की चुकीचा शब्द ऐकून गप्प बसणे हेही एक प्रकारचे खोटे बोलणेच. तेव्हा २० तारखेच्या सर्वसाधारण सभेला मी इस्त्रीची साडी नेसून प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसले.

त्या सभेचे वर्णन करायचे तर मला शाईची दुसरी बाटली लागेल. भिंतीवर नव्या बाजारपेठेचे रंगीत चित्र लावले होते. त्यात गोरी माणसे कुत्री फिरवत होती, आणि झाडांखाली बसायला बाके होती. बसायची बाके करायची म्हणून बसायचे ओटे काढायचे, याला नियोजन म्हणतात. सभेत घरपट्टीची वाढ चहा येईपर्यंत मंजूर झाली. हातगाड्यांचा नियम चहा पिता पिता मंजूर झाला. त्यानंतर चौकात बसवायच्या घोड्यावर पन्नास मिनिटे चर्चा झाली. सारंगखेड्याची यात्रा आपल्या जिल्ह्याची शान, म्हणून चौकात सिमेंटचा घोडा हवा, इथवर सर्वांचे एकमत होते. भांडण होते ते घोड्याचे तोंड कोणत्या प्रभागाकडे असावे यावर, आणि खरे म्हणजे उरलेल्या बाजूवर. ती बाजू कोणालाच आपल्या प्रभागाकडे नको होती. शेवटी घोडा फिरता करता येईल का, याचा अंदाज मागवण्यात आला. मी हे सर्व वहीत लघुलिपीत टिपून घेतले आहे. नातवंडांना इंग्रजी शिकवायला उपयोगी पडेल, ‘फूल’ या शब्दाचे अनेकवचन म्हणून.

मग आला विषय क्रमांक चौदा, ‘ओटे हटवणे’. मी उभी राहिले. आपल्या प्रभागाचे नगरसेवक, म्हणजे आपल्याच गल्लीतले कापडवाले उमेदमलशेठ, मला पाहून खोकायला लागले. मी सुरुवात केली तसा खोकला वाढला. “ताई, बसा ना, पाणी प्या पहले,” असे ते दोनदा म्हणाले. मला वाटले बडीशेप अडकली, मीच त्यांच्याकडे पाण्याचा ग्लास सरकवला. आणि मग, दादा, मी बोलले. सात मिनिटे, एकदाही न अडखळता. ओटा म्हणजे काय, तो घराच्या कोणत्या बाजूस असतो, कशाचा असतो, आणि सभेचा गोंधळ होऊ नये म्हणून आपल्या गल्लीतल्या अकराही ओट्यांची लांबी-रुंदी घरागणिक सांगितली. भिकुबाईचा तर विशेष उल्लेख केला, कारण तिच्याकडे ‘ओटा – नाही’ हे लिहिणे म्हणजे सत्याचा खून होता. शेठ आता खोकत नव्हते. त्यांनी डोळे मिटले होते.

मुख्याधिकारी तरुण आहेत, नम्र आहेत. ते म्हणाले, “मॅडम, आमच्या यंत्रणेला तीन महिन्यांत जमलं नाही ते तुम्ही सात मिनिटांत करून दिलंत.” टाळ्या झाल्या. मी हात जोडले. रूपचंद मान खाली घालून भराभरा लिहीत होता. त्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा मापे बरोबर लिहिली, तीही माझी.

चार दिवसांनी सुधारित नोटिशी आल्या. अकराच्या अकरा. पुढचा ओटा, दगडी, इंचापर्यंत अचूक, आणि खाली ओळ : ‘श्रीमती इंदुमती पाटील यांनी सभेत दिलेल्या माहितीच्या आधारे’. त्या दिवशी मला कळले की गल्ली घाबरली नव्हती, हसत होती. स्वयंपाकघरातला ओटा रस्त्यात येतो असे लिहिणाऱ्या नोटिशीवर कोणतेही कोर्ट एका मिनिटात स्थगिती देते. शेठनी घरोघर जाऊन सर्वांना तोंड बंद ठेवायला सांगितले होते. फक्त माझ्याकडे आले नाहीत, कारण (हे त्यांचेच शब्द) “आप तो कोर्टात होतात, आपल्याला काय समजवायचं, असं वाटलं आमाले.”

भिकुबाई मात्र ओट्यावरून उतरून माझ्या दारात आली. तिला सहीसुद्धा येत नाही, आणि तिने माझी जी उलटतपासणी घेतली तशी मी एकतीस वर्षांत ऐकली नाही.

“इंदूबाई, मन्हं नाव कागदवर व्हतं का?”

मी म्हटले, नव्हते.

“मंग ते कोनी टाकं?”

मी म्हटले, चूक होती, भिकुबाई, ती दुरुस्त करणे...

“मन्हा वटा मोजाले कोनी उनं नही. मंग माप तुले कसं ठाऊक?”

तीस वर्षे रोज संध्याकाळी त्यावर बसते आहे, म्हणून ठाऊक, असे मी म्हणाले. त्यावर ती पाठ फिरवून निघाली. जाताना एवढेच म्हणाली, “तुन्हं इंग्रजी तुन्हाजोडे ठेव, बाई. मन्ही मिरची आते कोठे ठेवू ते सांग.”

तेव्हापासून संध्याकाळी मी माझ्या ओट्यावर एकटी बसते. समोर चौघी देठे खुडतात आणि माझ्याकडे बघत नाहीत. ठसका मात्र वाऱ्याने माझ्याकडेच येतो. सुनावणी सोमवारी, १६ मार्चला, सकाळी अकराला आहे.

असो. नगरपालिकेच्या या अडाणी, अजागळ कारभाराचा मी निषेध करते, आणि तुमच्याजवळ मन मोकळे करावे एवढ्यासाठीच हे पत्र. मला काहीही मागायचे नाही. वहिनींना नमस्कार. जिना चढू नका.

तुमची,
इंदू

ता.क. उमेदमलशेठनी नियमावली उलथीपालथी केली. नियम नऊप्रमाणे रस्त्याकडेच्या ‘पायऱ्या’ काढता येत नाहीत. लांबी किती असावी हे लिहायला नियम करणारे विसरले आहेत. (घोड्यात गुंतले असतील.) तेव्हा गल्लीने ठरवले आहे की आपल्याकडे ओटा कधीच नव्हता, पायऱ्या होत्या. अकरा अर्ज मीच लिहिले. भिकुबाईच्या अर्जात ‘पायरी, एक, लांबी चौदा फूट’ असे लिहिताना दोनदा खोडले, पण लिहिले. सभेत मी जे बोलले त्याबद्दल ‘वयोमानाने शब्दांत गल्लत झाली’ असेही लिहून दिले आहे. हे वाक्य मी स्वतः लिहिले आहे, दादा, यावरून प्रकरणाचे गांभीर्य ओळखा.

आणखी ता.क. एकटीच्या माफीवर मुख्याधिकारी समाधानी नाहीत. त्यांना जाणकार माणसाचे लेखी म्हणणे हवे आहे. या गावात अठ्ठावीस वर्षे बांधकाम पाहिलेला जाणकार एकच, आणि तो सुरतेला गुडघा धरून बसला आहे. तुम्ही लिहून द्यायचे की तुमच्या संपूर्ण नोकरीत या गल्लीत घरांपुढे फक्त पायऱ्याच होत्या. तुम्ही जन्मात खोटे लिहिले नाही हे मला माहीत आहे. पण आपण त्या पायऱ्यांवर पाय ठेवूनच घरात चढतो, तेव्हा यात खोटे काही नाही. बसतो, तो आपला आळस.

शेवटचे ता.क. पत्र पोस्टात टाकायला भिकुबाई निघाली आहे. तिनेच मागून घेतले. माझ्याशी बोलत अजून नाही, पण “भाऊले सांग, लवकर लिखजो” एवढे दारातून भिंतीकडे बघून म्हणाली. तेव्हा तुमचे सहीचे उत्तर शुक्रवार, १३ मार्च, सायंकाळी पाचच्या आत माझ्या हातात लेखी पडले पाहिजे. तोंडी निरोप, फोन, किंवा ‘बघतो’ चालणार नाही. उत्तरात ‘ओटा’ हा शब्द एकदाही येता कामा नये. आणि हे पत्र वाचून झाले की फाडून टाका, कारण यात तो पानोपानी आला आहे, माझ्या सहीनिशी.