उत्तरेच्या भिंतीतली बाई

मी, पानागिस व्रेत्तोस, दिवंगत आनास्तासिस यांचा मुलगा, वय एक्क्याऐंशी, धंदा गवंडीकाम, राहणार पालिओक्लिमा, आर्केडिया, आज पूर्ण शुद्धीवर, चष्मा लावून आणि सकाळची कॉफी पिऊन हा कागद लिहीत आहे. मला कुणी भरीस घातलेलं नाही. घालायला घरात दुसरं कुणी उरलेलंही नाही. आमच्या कायद्याप्रमाणे असा कागद पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत स्वतःच्याच हाताने लिहावा लागतो. ओळी तिरक्या जातील. भिंती मात्र मी आयुष्यात कधी तिरक्या बांधल्या नाहीत. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

एक. राहतं घर, दारातल्या डाळिंबासकट, माझी एकुलती एक मुलगी लेमोनिया, आमची लेमोनी, हिला द्यावं. ती ऑस्ट्रेलियात, मेलबर्नला असते. पश्चिमेकडचं छप्पर गळतं, त्याखाली घमेलं ठेवलेलं आहे. घर विकायचं तर तिने खुशाल विकावं, पण पाचवं कलम वाचल्याशिवाय नाही.

दोन. बँकेत जे काही असेल त्यातून माझं दफन आणि चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना करावी. त्या दिवशी वाटायचे उकडलेले गहू नीट शिजवलेले असावेत, वर डाळिंबाचे दाणे भरपूर घालावेत. गेल्या खेपेला पाद्रीबाबांच्या बायकोने मनुकांवरच भागवलं होतं, ते मी विसरलेलो नाही.

तीन. थाप्या, ओळंबा, पाणसळ आणि मोठा हातोडा अल्बानियाहून आलेल्या बेस्निकला द्यावा. दगड उचलण्याआधी तो दगडाच्या तोंडाकडे बघतो. असा माणूस आता या खोऱ्यात दुसरा नाही. छोटी छिन्नी मात्र त्याला देऊ नये. ती उत्तरेच्या भिंतीपाशी खुंटीवर आहे, तिथेच राहू द्यावी.

चार. माझा तावलीचा पट, सोंगट्या आणि दोन्ही फासे कॉफीवाल्या मेलेतिसला द्यावेत. त्यातला एक फासा त्याचाच आहे. पन्नास वर्षं तो माझ्याशी त्या फाशाने खेळत आला. सहा कसे पडतात हे मला पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण तो हरला की दोन दिवस कॉफी करपवायचा, म्हणून गप्प बसलो.

पाच. आता खरी गोष्ट. ही वस्तू मी कुणाला देऊ शकत नाही, कारण ती माझी नाही.

सन १९७१च्या मे महिन्यात झऱ्याखालच्या शेतात मी पाया खणत होतो. ते शेत लेमोनीच्या हुंड्याचं. सोयरीक त्या शेताच्या जोरावरच ठरली होती. कोस्मासच्या बापाने कॉफीच्या दुकानात सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "शेत असेल तर सून, नाहीतर तुझी पोरगी तुला लखलाभ." लेमोनी एकोणीस वर्षांची. ती एवढंच म्हणाली होती, "बाबा, मला नको हो तो." मी म्हणालो, सवय होते.

दोन हात खोल गेल्यावर कुदळ अडली. बाईचं संगमरवरी डोकं निघालं. नाक फुटलेलं, केसांत गव्हाच्या लोंब्या. खाली खांद्याचा दगडही दिसत होता. आमच्या गावात असं काही निघालं की काय होतं ते पोरासोरांना ठाऊक असतं. पुरातत्त्व खात्याचा माणूस येतो, तारेचं कुंपण घालतो आणि शेत गेलंच समजायचं. पलीकडच्या लांब्रोसच्या शेताला चौदा वर्षं कुंपण होतं. आत फक्त त्याचं गाढव जाई. म्हणून भर दुपारी, गाव झोपलेलं असताना, मी डोकं पिठाच्या पोत्यात घालून घरी आणलं आणि खड्ड्यात सिमेंट ओतलं.

माझी बायको स्तामाता पाव भाजत होती. पोतं उघडून तिने पाहिलं.

"पानागी, ही कोण?"

"कुणी नाही. दगड आहे."

"दगडाला असे डोळे नसतात. जा, हिला परत ठेवून ये. खात्याला कळू दे. शेत जाईल, सोयरीक मोडेल, पोरगी घरी राहील."

"आणि लोक काय म्हणतील? साखरपुडा मोडलेली पोर!"

"लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. लोक काय तिला जेवायला घालणार आहेत?"

मी ऐकलं नाही. उत्तरेची भिंत उघडली, कोनाडा केला, ती बाई आत बसवली, पुढे दगड लावून चुना भरला. दोन महिन्यांनी लग्न झालं. कोस्मासने वर्षभरात शेत भावाला दिलं आणि लेमोनीला घेऊन जहाजावर चढला. म्हणाला, "दोन वर्षांत येतोच." त्या भावाचं गॅरेज आता त्या सिमेंटवर उभं आहे. बाकीची बाई त्याखाली आहे.

स्तामाता वर्षभर माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच, "एकीला भिंतीत घातलंस, दुसरीला समुद्रापार." पुढे ती रोज त्या भिंतीपाशी दिवा लावी, पहिल्या पावाचा तुकडा ठेवी, आणि भिंतीला घरचं सगळं सांगत बसे.

मी शाळेत गेलेलो नाही. अक्षरं शिकलो ती तिशीत, दुकानांच्या पाट्यांवरून. १९८८ साली पोरं उरली नाहीत म्हणून गावची शाळा बंद झाली, तेव्हा एव्हान्थिया मास्तरणीने जुन्या देवांचं पुस्तक मला दिलं. त्यात चित्र होतं. तशाच लोंब्या, तसेच डोळे. डिमीटर, धान्याची देवी. तिची लेक पर्सिफोनी फुलं वेचत होती. बापाने, म्हणजे झ्यूसने, पाताळाच्या राजाशी परस्पर ठरवून टाकलं होतं. आईला कुणी विचारलं नाही. आई मशाल घेऊन नऊ दिवस हिंडली, मग एका विहिरीपाशी जाऊन बसली, आणि जमिनीतून काही उगवेना. लेक पुढे वर आली, पण तिने तिथले डाळिंबाचे दाणे खाल्ले होते, म्हणून तिला फिरून जावंच लागलं.

मी ते पान तीनदा वाचलं. त्या गोष्टीत मी कोण, हे विचारायला मास्तरणीकडे जावं लागलं नाही.

स्तामाताला वाचून दाखवलं. ती गहू निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "हे तुला आत्ता कळलं? नाव मला माहीत नव्हतं रे. पण लेक गेलेली बाई ओळखू येते."

१९९६च्या जानेवारीत स्तामाता गेली. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी पुरतात. लेमोनी अथेन्सला उतरली तेव्हा आई मातीत गेली होती. ती दहा दिवस राहिली. एका संध्याकाळी विचारलं, "बाबा, मावशी सांगते आई भिंतीशी बोलायची. का हो?" मी म्हणालो, "म्हातारपण." माझ्या सगळ्या खोट्यांत हे सगळ्यात वाईट. त्यानंतर ती आलेली नाही. पाच वर्षांनी, आमच्या रिवाजाप्रमाणे, स्तामाताची हाडं वर काढली, ती वाइनने धुवायचं काम लेकीचं; ते मी केलं. बायकांनी नावं ठेवली. रविवारी फोन येतो. मी म्हणतो बर्फ पडतोय, ती म्हणते इथे उन्हाने जीव चाललाय. कधी येतेस म्हणावं तर, "बाबा, मुलं आहेत, नातवंडं आहेत, दुकान आहे." तिने तिथले दाणे खाल्लेत. माझं काही म्हणणं नाही.

गेल्या उन्हाळ्यात खात्याची एक तरुण बाई जुन्या भिंती नोंदवायला आली होती. तिला मी चमचाभर गोड देऊन विचारलं, "समजा, एखाद्याला फार पूर्वी काही सापडलं असेल तर?"

"सापडलं की सांगायचं, आजोबा. नाहीतर तुरुंग."

"तो एक्क्याऐंशीचा असेल तर?"

ती हसली. "मग सोडतील. पण कुठे सापडलं ते तरी त्याने सांगावं. डोक्यावाचून धड काय आणि धडावाचून डोकं काय, आम्हाला काहीच कळत नाही."

मला सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, "अजून थोडं घ्या." आता सांगतो: झऱ्याखालचं शेत, गॅरेजच्या मागच्या भिंतीखाली, दोन हात.

सहा. हा कागद कोर्टात उघडणाऱ्या न्यायाधीश साहेबांना विनंती. ती बाई सरकारची आहे, सरकारला मिळावी. पण खात्याला चाळिसाव्या दिवसापर्यंत थांबवता आलं तर बघा. माझ्या दफनाला लेमोनी पोचणार नाही, चाळिसाव्याला पोचू शकते. हा कागद आधी तिला वाचून दाखवा, फोनवर का होईना. कायद्यात हे बसत नसेल तर मी तेव्हा काय करणार? आजही माझ्या हातात काही नाही. तिने यावं अशी अट मी घराला घातलेली नाही. एकदा तिच्या वतीने ठरवलं, तेवढं पुरे.

सात. लेमोनी, आलीस तर छिन्नी खुंटीवर आहे. जमिनीपासून चौथा थर, डावीकडून तिसरा दगड. गेल्या वसंतात मी त्याच्या कडेचा चुना खरवडून काढला आणि नुसती माती भरली. महिना लागला. आईला जे विचारायचं राहिलं ते भिंतीतल्या बाईला विचार. आईने तिला सगळं सांगितलेलं आहे. दगड तुझ्या हाताला निघेल. काल दाबून पाहिला. हलतो.

कायद्याला साक्षीदार लागत नाहीत, मला लागतात. मजकूर झाकून सह्या घेतल्या आहेत. मेलेतिस म्हणाला, "न वाचता सही कशी करू?" मी म्हणालो, "फासा न बघता मी पन्नास वर्षं खेळलो, तू एक सही कर." तो लाल झाला आणि त्याने सही केली.

सही: पानागिस आ. व्रेत्तोस

साक्षीदार: मेलेतिस काराव्हास, कॉफीवाला
साक्षीदार: बेस्निक होजा, गवंडी

पालिओक्लिमा, २१ नोव्हेंबर २००९. आज पेरणीच्या माउलीचा सण. घरोघरी सगळी धान्यं एकत्र शिजताहेत. मीही वाटीभर लावली आहेत, दोघांपुरती.